एकच अधिसूचना, निरनिराळा मोबदला

पनवेल व उरण परिसरातील जमिनींच्या संपादनासाठी ३ फेब्रुवारी १९७० रोजी भूसंपादन अधिनियम, १८९४ च्या कलम ४ खाली अधिसूचना निघाली. पुढच्याच महिन्यात सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतील ९५ गावांच्या भूमीवर नवी मुंबईची उभारणी सुरू झाली. भातखाचरे, खाजणे व मिठागरे यांवर जगणाऱ्या कुटुंबांना अधिसूचनेची ती तारीख पुढे अनेक वर्षे पुरली. कारण जुन्या अधिनियमानुसार जमिनीचा बाजारभाव ठरत असे तो या अधिसूचनेच्या दिवशीचा. निवाडा मात्र कित्येक प्रकरणांत दहा-पंधरा वर्षांनी झाला.

जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबाराने पाच जणांचे प्राण गेले. त्याच वर्षी संसदेने अधिनियमात व्यापक सुधारणा केली व ती २४ सप्टेंबर १९८४ पासून अमलात आली. दिलासा रक्कम १५ टक्क्यांवरून ३० टक्के झाली आणि अधिसूचनेपासून निवाडा किंवा ताबा, यांपैकी जे आधी घडेल तोपर्यंतच्या काळासाठी बाजारभावावर दरसाल १२ टक्के जादा रक्कम देय ठरली. या सुधारणेतील कलम २८-अ ची चर्चा त्या मानाने थोडी झाली. समान मोबदल्याचा प्रश्न खऱ्या अर्थाने येतो तो याच कलमात.

एकाच बांधाच्या दोन बाजूंस दोन खातेदार आहेत, अशी कल्पना करावी. अधिसूचना एक, मातीचा पोत एक, भूसंपादन अधिकाऱ्याने ठरविलेला दरही एकच. पहिल्याने मुदतीत कलम १८ खाली अर्ज करून प्रकरण न्यायालयाकडे पाठविण्यास लावले व न्यायालयाने दर वाढवून दिला. दुसऱ्याजवळ वकिलासाठी पैसा नव्हता, किंवा अशी तरतूद आहे हेच त्याला ठाऊक नव्हते. १९८४ पूर्वी त्याची वाट तेथेच संपत असे. कलम २८-अ ने ती उघडली. त्याच अधिसूचनेखालील दुसऱ्या जमिनीचा मोबदला न्यायालयाने वाढविला असेल, तर कलम १८ खाली अर्ज न केलेला खातेदारही मोबदल्याच्या फेरनिश्चितीसाठी जिल्हाधिकाऱ्याकडे लेखी मागणी करू शकतो. अर्जासाठी न्यायालयीन शुल्काची वा वकिलाची गरज नव्हती. गरज होती ती वेळेवर कळण्याची.

अडचण नेमकी तेथेच आली. मुदत तीन महिन्यांची आणि ती मोजावयाची न्यायालयाच्या निवाड्याच्या तारखेपासून. निवाड्याची नक्कल मिळण्यास लागलेले दिवस वगळले जातात, एवढीच सवलत. निवाडा आपणांस उशिरा कळला, ही सबब चालणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये आंध्र प्रदेशातील एका प्रकरणात स्पष्ट केले. शेजाऱ्याचा खटला अलिबाग किंवा ठाण्याच्या न्यायालयात केव्हा निकालात निघाला, हे गावातील विधवा खातेदारास कोण सांगणार? कायद्याने ती जबाबदारी कोणावरही टाकलेली नाही. त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट अशी की, एकाच अधिसूचनेखाली अनेक निवाडे झाले असल्यास पहिल्याच निवाड्यापासून मुदत मोजली पाहिजे असे नाही. नंतरच्या निवाड्याच्या आधारेही अर्ज करता येतो, असा निर्णय १९९५ मध्ये प्रदीपकुमारी प्रकरणात झाला.

समानतेचे हे तत्त्व महाराष्ट्रास नवे नाही. नागपूर सुधार प्रन्यासाच्या कायद्याखाली जमीन घेतली तर मालकास दिलासा रक्कम मिळत नसे. तीच जमीन शासनाने भूसंपादन अधिनियमाखाली घेतली तर मिळत असे. हा भेद संविधानाच्या अनुच्छेद १४ शी विसंगत असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये ठरविले. जमीन कोणत्या संस्थेने वा कोणत्या कायद्याने घेतली, याने मालकाच्या हानीत फरक पडत नाही, असा त्या निर्णयाचा आशय आहे.

पनवेल परिसरात १९९० पासून लागू झालेल्या साडेबारा टक्के योजनेने निराळी वाट काढली. संपादित क्षेत्राच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड देय ठरला; सार्वजनिक सुविधांसाठी ३.७५ टक्के वजा जाऊन हाती येतात ते ८.७५ टक्के. न्यायालयात गेलेला व न गेलेला, दोघांसही प्रमाण तेच. पुढे विमानतळासाठी दहा गावे उठली तेव्हा २०१४ मध्ये साडेबावीस टक्क्यांची योजना मान्य झाली आणि जुन्या-नव्या प्रकल्पग्रस्तांमध्ये तुलना सुरू झाली. ती स्वाभाविकच म्हटली पाहिजे. परंतु दोन्ही योजनांतील भूखंडाचे माप सातबाऱ्यावरील क्षेत्राशी बांधलेले आहे. दुसऱ्याच्या खाचरात लावणी करणाऱ्या मजुराच्या नावे क्षेत्रच नसते. २०१३ च्या नव्या भूसंपादन कायद्याने संपादनापूर्वी तीन वर्षे त्या जमिनीवर उपजीविका करणारे मजूर, कुळे व कारागीर यांनाही बाधित कुटुंबांत गणले. नवी मुंबईच्या मूळ संपादनाच्या काळी मात्र ती व्याख्या नव्हती.

कलम २८-अ ची तरतूद आता २०१३ च्या कायद्यात कलम ७३ म्हणून आली आहे. निवाडा आता दिवाणी न्यायालयाऐवजी प्राधिकरणाचा असतो. मुदत पूर्वीचीच, तीन महिन्यांची. म्हणून गावातील एखाद्या खातेदाराचा मोबदला वाढल्याचे कळताच ग्रामपंचायतीने निवाड्याची तारीख व अधिसूचनेचा क्रमांक फलकावर लावावा, त्या अधिसूचनेखालील उर्वरित खातेदारांची यादी तलाठ्याकडून घ्यावी आणि प्रमाणित नकलेसाठी त्याच आठवड्यात अर्ज करावयास सांगावे. नकलेवर अर्जाची तारीख व नक्कल तयार झाल्याची तारीख अशा दोन्ही नोंदी असतात. मुदतीतून वगळावयाचे दिवस त्यांवरूनच मोजले जातात.