प्रथम दोन मासांतील गर्भावक्रांती आणि ‘शंकिता’ स्त्रीची चिकित्सा

‘पाळी पाच-सहा दिवस लांबली आहे’ अशी तक्रार घेऊन येणारी स्त्री गर्भवती असेल, तर त्या दिवशी गर्भाचे वय सुमारे तीन आठवडे असते. गर्भाच्या दृष्टीने हाच काळ सर्वांत नाजूक होय. म्हणून या काळातील गर्भवृद्धीचा क्रम प्रत्येक वैद्याच्या व औषधविक्रेत्याच्या ध्यानी असावा.

शास्त्रोक्त वर्णन

चरक व सुश्रुत या दोन्ही संहितांच्या शारीरस्थानात गर्भाची मासानुमासिक वृद्धी वर्णिली आहे. पहिल्या मासी कलल, दुसऱ्या मासी घन आणि तिसऱ्या मासी अंगप्रत्यंगांची अभिव्यक्ती, असा तो क्रम आहे. कोणते अंग प्रथम उत्पन्न होते याविषयी अनेक आचार्यांची मते देऊन, सर्व अंगे युगपत् उत्पन्न होतात, परंतु सूक्ष्मत्वामुळे दिसत नाहीत, हा धन्वंतरींचा सिद्धान्त सुश्रुताने मांडला आहे. वाग्भटाने पहिल्या मासातील गर्भास ‘अव्यक्त’ म्हटले आहे. अव्यक्त म्हणजे दृष्टीस न दिसणारा. न घडणारा नव्हे. हा भेद चिकित्सेत महत्त्वाचा ठरतो.

आधुनिक गर्भविज्ञान

बीजवाहिनीत स्त्रीबीज व शुक्राणू यांचा संयोग झाल्यावर सुमारे ३० तासांत पहिले पेशीविभाजन होते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पेशींचा भरीव गोळा बनतो व पाचव्या दिवशी त्यात पोकळी निर्माण होते. सहाव्या-सातव्या दिवशी गर्भ गर्भाशयाच्या अंतःस्तरात रुजू लागतो. तिसऱ्या आठवड्यात त्याचे तीन स्तर होतात. बाह्यस्तरापासून त्वचा व मज्जासंस्था, मध्यस्तरापासून अस्थी, स्नायू व रक्तवाहिन्या, तर अंतःस्तरापासून अन्नमार्ग व श्वसनमार्ग यांचे आवरण तयार होते.

२२व्या-२३व्या दिवशी हृदयाचे स्पंदन सुरू होते. मेंदू व मज्जारज्जू ज्यापासून बनतात ती मज्जानलिका २८व्या दिवसापर्यंत बंद होते. याच सुमारास हातांचे व त्यापाठोपाठ पायांचे अंकुर दिसू लागतात. आठव्या आठवड्याअखेर बहुतेक प्रमुख अवयवांची मांडणी झालेली असते.

हे दिवस गर्भधारणेपासूनचे आहेत. व्यवहारात आपण शेवटच्या पाळीपासून गणना करतो. ती सुमारे दोन आठवड्यांनी अधिक भरते. म्हणजे ‘सहा आठवडे झाले’ असे आपण म्हणतो, तेव्हा मज्जानलिका बंद झालेली असते.

या काळातील औषधाचा परिणाम किती दारुण होऊ शकतो, याचे उदाहरण थॅलिडोमाइड हे होय. १९५७ ते १९६१ या काळात पश्चिम जर्मनीत ते झोपेसाठी व गर्भिणीच्या मळमळीसाठी विकले गेले. गर्भधारणेनंतर साधारण २० ते ३६ दिवसांत घेतल्यास ते गर्भास व्यंग आणू शकत असे. हजारो बालके हातापायांच्या व्यंगांसह जन्मली.

चिकित्सेतील दक्षता

१. पाळी लांबलेल्या स्त्रीस शेवटच्या पाळीची तारीख विचारून ती नोंदवावी. मूत्रपरीक्षणाने गर्भाची शक्यता दूर झाल्याखेरीज रजःप्रवर्तिनी वटी, तीक्ष्ण विरेचन वा शोधन योजू नये. परीक्षण नकारात्मक येऊनही पाळी न आल्यास आठवड्याने ते पुन्हा करावे.

२. ‘पाळी येण्याचे औषध द्या’ अशी मागणी दुकानात आल्यास औषधविक्रेत्याने ते परस्पर न देता वैद्याकडे पाठवावे.

३. अपत्याची इच्छा असलेल्या स्त्रीस गर्भधारणेपूर्वी किमान एक महिना आणि नंतरचे पहिले तीन महिने रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड मिळेल असे पाहावे. गर्भ राहिल्याचे कळल्यावर ते सुरू केल्यास मज्जानलिकेची वेळ बहुधा टळून गेलेली असते.

चरकाने प्रथम मासाची परिचर्या सांगताना ‘शंकिता’ हा शब्द योजला आहे. गर्भ राहिल्याची केवळ शंका असली, तरी त्या स्त्रीने साधे दूध घ्यावे व सात्म्य आहार ठेवावा, असा त्याचा आशय आहे. गर्भिणीस तेलाने भरलेल्या पात्राप्रमाणे जपावे, असेही तोच सांगतो. हे जपणे निदान निश्चित झाल्यावर नव्हे, तर शंकेच्या दिवसापासूनच आरंभावयाचे आहे.