एक वाडा, तीन बिऱ्हाडं, एक वायफाय

साताऱ्यातल्या आमच्या वाड्यात पुढच्या सोप्याकडे थोरले दीर-जाऊबाई, मधे आम्ही दोघं आणि मागच्या नव्या स्लॅबच्या खोल्यांत पुतण्या-सून राहतात. तिघांत मिळून नेटचं एकच कनेक्शन घ्यायचं ठरलं. ते घरभर पोचवायचं काम माझ्याकडे आलं, कारण दुपारी घरात मीच असते. जन्मभर शाळेत मराठी शिकवलं, वायरींशी संबंध इस्त्रीपुरता. त्यातून जे कळलं ते असं.

१. राउटर कुठे बसवायचा हे आपण ठरवायचं. जोडणीला येणारा मुलगा तो दारालगत ठोकू पाहतो, कारण तिथे त्याची वायर कमी लागते. आमच्या भिंती पांढऱ्या मातीच्या, हात-दीड हात जाडीच्या; दारातली रेंज माजघरातच संपली असती. चार पैसे जास्त देऊन फायबर आत, घराच्या मध्यावर आणवून घ्यावी. मात्र तिच्या आत काचेचा तंतू असतो, कोपऱ्यात ती काटकोनात दुमडू द्यायची नाही. राउटर उंचावर आणि मोकळा हवा. लोखंडी कपाट, मोठा आरसा, पाण्याची टाकी हे त्याचे वैरी. मायक्रोवेव्हही त्यांतलाच, तो वायफायच्याच २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतो.

२. फोनमध्ये आपल्याच वायफायची दोन नावं दिसली तर गोंधळू नये. २.४ गिगाहर्ट्झवालं लांब जातं, भिंतीही बऱ्यापैकी पार करतं, पण वेग कमी. ५ वालं वेगवान, पण जाड भिंतीपुढे हात टेकतं. दारावरचा कॅमेरा, प्रिंटर, जुने फोन पहिल्यावर. जवळचा टीव्ही आणि लॅपटॉप दुसऱ्यावर.

३. वायरलेससाठी वायर लागते, हे पुतण्याला पटवताना माझा घसा बसला. त्याला भिंतीतल्या प्लगला लावायचा रिपीटर हवा होता. रिपीटर मिळालेली रेंजच पुढे ढकलतो. जिथे ती आधीच मेलेली आहे तिथे लावला तर मेलेलीच वाटतो. शिवाय साध्या रिपीटरला ऐकायचं आणि बोलायचं एकाच तोंडाने, त्यामुळे वेग निम्म्यावर येतो. मेशचे तीन-तीन डबे दुकानदार कौतुकाने दाखवतात. फ्लॅटमध्ये ते छान चालतात, पण असल्या भिंतींतून त्यांचाही आवाज एकमेकांना पोचायला हवा ना!

आम्ही मधल्या राउटरपासून मागच्या खोल्यांपर्यंत लॅन केबल टाकली. ती १०० मीटरपर्यंत बिनतक्रार चालते. आमचा वाडा एवढा लांब असता तर मी साताऱ्याची सरदारीण झाले असते. केबलच्या टोकाला जुना राउटर जोडला आणि त्याच्या सेटिंगमध्ये ‘ॲक्सेस पॉइंट’ निवडलं. तो पर्याय नसेल तर डीएचसीपी, म्हणजे फोन-टीव्हींना पत्ते वाटायचं काम, बंद करायचं आणि केबल वॅनच्या नव्हे, लॅनच्या भोकात घालायची. घरात पत्ते वाटणारा एकच असावा. दोघे वाटू लागले की नेट असून नसल्यासारखं होतं. केबल विजेच्या वायरींच्या पाइपातून नेऊ नये. आणि रंगकामाच्या आधी भोकं पाडून घ्यावीत, नाहीतर जाऊबाईंशी गाठ आहे.

४. १०० एमबीपीएसच्या कनेक्शनवर सेकंदाला १०० एमबी उतरत नाही, फार तर साडेबारा. कारण ते आकडे बिटांचे आणि आठ बिटांचा एक बाइट. नेट मंद वाटलं तर लॅपटॉप केबलने थेट राउटरला जोडून वेग बघावा. तिथे पूर्ण मिळत असेल तर कंपनीला फोन करून भांडण्यात अर्थ नाही, अडथळा आपल्याच घरात आहे.

५. पासवर्ड दोन असतात. एक वायफायचा, दुसरा राउटरच्या सेटिंगमध्ये शिरायचा. दुसरा पुष्कळदा डब्याखालच्या चिकटपट्टीवर छापलेला असतो. दोन्ही बदलावेत, दुसरा वहीत लिहून ठेवावा. जाऊबाईंनी सुचवलेला पासवर्ड होता वाड्याचं नाव आणि बांधल्याचं साल. दोन्ही दिंडीदरवाजावरच्या दगडात कोरलेली आहेत! येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी राउटरमध्ये ‘गेस्ट’ची सोय असते, त्यांना नेट मिळतं पण आपल्या कॅमेऱ्यापर्यंत हात पोचत नाही. पाहुण्याला पासवर्ड नाकारणं आपल्याकडे पाणी न विचारण्याइतकं वाईट दिसतं, म्हणून ही सोय सोन्यासारखी.

६. पैशांचं आधी बोलून घ्यावं. पुतण्या घरूनच नोकरी करतो, दिरांना कीर्तन आणि बातम्या पुरतात. पुतण्याने निम्मे, उरलेले दोघांनी समान, असं ठरलं. कोणी किती वापरलं हे मोजत बसायचं नाही, हेही त्यातच ठरलं. पुष्कळ ‘अमर्याद’ प्लॅनना महिन्याला सुमारे ३,३०० जीबीची मर्यादा असते खरी, पण तीन बिऱ्हाडं मिळूनही तिच्या जवळपास फिरकत नाहीत.

७. लाईट गेली तरी फायबर चालू असते, डबा बंद पडतो. बहुतेक डबे १२ व्होल्टवर चालतात, त्यांच्यासाठी छोटा यूपीएस मिळतो. ॲडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचूनच घ्यावा, आणि दुसऱ्या राउटरलाही लागतो हे विसरू नये. एलओएसचा लाल दिवा लागला तर बहुधा बाहेर फायबर तुटली आहे, तक्रार नोंदवावी. तो नसेल तर डबा अर्धा मिनिट बंद करून बघावा. मागच्या बारीक रिसेटच्या भोकात मात्र टाचणी घालू नये. सगळी जुळणी पुसली जाते, कंपनीने भरलेली माहितीसुद्धा, आणि मग त्यांचा माणूस येईपर्यंत तिन्ही बिऱ्हाडं माझ्याकडे बघत बसतात. पुतण्याच्या धाकट्याला कुठलंही भोक दिसलं की काडी घालायची सवय आहे, म्हणून मी त्यावर जाड चिकटपट्टी लावून टाकली आहे.