भांडणाआधीची बैठक
(द्वितीय वर्ष, कला)

'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' ही म्हण मी शाळेत शिकण्यापूर्वीच घरात ऐकली होती. माझे वडील शेतकरी. बांधावरून चुलत्यांशी वाद झाला आणि त्यांना पोलीस ठाण्याची पायरी चढावी लागली; पुढे कोर्टाचीही चुकली नाही. गावात तंटे मिटविणारी समिती होती. तिची माणसे आमच्या घरी आलीसुद्धा. पण ती डोकी फुटल्यावर. पुढे महाविद्यालयात भिवंडीची हकीकत वाचली, तेव्हा आमच्याकडे काय चुकले ते उमगले. तेच या लेखात मांडण्याचा अल्पसा प्रयत्न करीत आहे.

भिवंडी हे ठाणे जिल्ह्यातील यंत्रमागांचे शहर. पोटापाण्यासाठी निरनिराळ्या प्रांतांतून आलेली, निरनिराळ्या धर्मांची माणसे येथे दाटीने राहतात. ७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी येथे भीषण दंगल उसळली. तिच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती मादन यांचा आयोग नेमण्यात आला. तरीही मे १९८४ मध्ये शहर पुन्हा पेटले. पोलीस बळ वाढविणे एवढाच उपाय पुरेसा नाही, हे यावरून दिसून येते.

१९८८ मध्ये श्री. सुरेश खोपडे तेथे पोलीस उपायुक्त म्हणून आले. त्यांनी मोहल्ला समित्यांची योजना आखली. शांतता समिती ही गोष्ट काही नवी नव्हती. सणवार जवळ आले की पुढाऱ्यांना ठाण्यात बोलवायचे, चहा पाजायचा आणि आवाहन काढायचे, अशी तिची सर्वसाधारण रीत. मोहल्ला समितीत मात्र त्याच वस्तीतले सामान्य हिंदू व मुसलमान रहिवासी एकत्र बसत आणि वस्तीची जबाबदारी खालच्या पायरीवरील पोलिसावर असे. बैठका दंगलीची वाट न पाहता नियमित होत. त्यांत रोजच्या लहानसहान तक्रारी निघत आणि शक्य तर तेथेच मिटत. त्यामुळे शेजारी शेजाऱ्याला व पोलीस दोघांनाही नावाने ओळखू लागला. ओळख असली म्हणजे अफवा खरी की खोटी हे विचारायला माणूस सापडतो. माझ्या मते या योजनेचे मर्म हेच होय.

त्याची कसोटी लवकरच लागली. ६ डिसेंबर १९९२ रोजी अयोध्येत बाबरी मशीद पाडली गेली. त्यानंतर डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबईत सुमारे नऊशे माणसे दंगलीत मरण पावली. त्याच काळात, हाकेच्या अंतरावरची भिवंडी शांत राहिली! पुढे मुंबईतही अशाच मोहल्ला समित्या सुरू झाल्या. त्या कामात श्री. ज्युलिओ रिबेरो, श्री. सतीश साहनी व श्रीमती सुशोभा बर्वे यांचा वाटा मोठा आहे.

परंतु नाण्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. जुलै २००६ मध्ये त्याच भिवंडीत पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून हिंसाचार झाला. गोळीबारात नागरिक आणि जमावाच्या हातून पोलीस मारले गेले. विश्वास एकदा कमावून ठेवता येत नाही. शेताप्रमाणे त्याची दरसाल मशागत करावी लागते. शिवाय प्रत्येक गोष्ट समितीने मिटवावी असेही नाही. स्त्रीवरील अत्याचारासारखा गुन्हा 'आपसात' मिटविणे म्हणजे दुबळ्यालाच गप्प बसविणे होय. तेथे कायद्याचीच पायरी चढली पाहिजे.

आमचा बांध आजही तेवढाच आहे, दोन्ही घरांचे बोलणे मात्र बंद आहे. बांधाला पहिला नांगर लागला त्या दिवशी कोणी दोघा भावांना एका घोंगडीवर बसविले असते, तर? हा प्रश्न मला पडतो. म्हणून विद्यार्थी मित्रांनो, सुट्टीत गावी जाल तेव्हा एवढेच विचारा: आपल्या समितीची शेवटची बैठक भांडणाआधी झाली की नंतर?