सुई खाली आली म्हणून लगेच इंजिन खोलू नकोस

अगं, पाऊस तोंडावर आलाय, सपाटीकरणासाठी शेतकरी दारात उभे आहेत आणि नेमकं आत्ताच तुझ्या जुन्या डोझरचं ऑईल प्रेशर बसतंय. जीव टांगणीला लागला असेल तुझा. म्हणून दोन गोष्टी आधी सांगते. सुई खाली आली की ‘एवढा बांध उरकू, मग बघू’ असं करू नकोस, मशीन तिथंच बंद कर. आणि मेस्त्री कितीही घाई करो, खरं प्रेशर मोजल्याशिवाय त्याला इंजिन खोलू देऊ नकोस.

पहिल्यांदा डिपस्टिक बघ. ऑईल कमी असेल तर उतारावर ते एका बाजूला जातं आणि पंप हवा ओढतो. पण पातळी न भरता वाढली असेल तर जास्त जप. बोटावर घेऊन वास घे. डिझेलचा वास आला तर नोझल गळतोय किंवा फीड पंपाचा डायफ्रॅम फाटलाय. त्या पातळ ऑईलवर प्रेशर टिकणारच नाही. ऑईल दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय, मग स्टार्टरला हातही लावू नकोस.

हे ठीक असेल तर डॅशबोर्डवरच्या मीटरवर विसंबू नकोस. वर्षानुवर्षांच्या हादऱ्यांनी त्याची बारीक नळी चेपते, तुंबते. ब्लॉकच्या ऑईल गॅलरीला मेकॅनिकल टेस्ट मीटर लावून घे. इंजिन चांगलं तापू दे, कारण थंड घट्ट ऑईलवर झिजलेलं इंजिनही झकास प्रेशर दाखवतं. मग स्लोवर एक आणि फुल रेसवर एक, असे दोन आकडे लिहून ठेव. कंपनीच्या पुस्तकातला आकडा सर्वांत खरा. पुस्तक नसेल तर दर १००० आरपीएमला निदान १० पीएसआय हा गॅरेजवाल्यांचा ठोकताळा धर.

आता त्या आकड्यांकडे नीट बघ. रेस वाढवली तरी सुई जागची हलत नसेल, तर रिलीफ व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकून तो उघडाच राहिलाय का ते तपास. काम अगदी स्वस्तातलं आहे आणि पुष्कळदा तेच निघतं. रेस देताच प्रेशर पडत असेल किंवा सुई थरथरत असेल तर चेंबरमधली जाळी गाळानं भरलीय किंवा सक्शन पाइप हवा घेतोय. थंडपणी उत्तम, तापल्यावर स्लोला ढेपाळतं, रेसवर थोडं सावरतं, असं असेल तर मात्र बेअरिंग किंवा पंप झिजल्याची शंका घे.

शंका पक्की करायची तर जुना फिल्टर कापून त्याचा कागद उलगड. तांब्याच्या रंगाची चमक दिसली तर बेअरिंग वरच्या थरापलीकडे झिजलंय. अशा वेळी कुणी म्हणेल, ‘घट्ट ऑईल टाका, सीझन निघून जाईल.’ ऐकू नकोस गं. सुई वर येते, झीज मात्र चालूच राहते आणि बेअरिंगच्या खर्चात क्रँकही ओढला जातो.

चेंबर काढायचीच वेळ आली तर कॅपमधून निघालेल्या बेअरिंगच्या पाठीवरचा आकडा वाच. क्रँकला आधी कधी कट मारला असेल तर अंडरसाइझ तिथं कोरलेला असतो. त्याचा फोटो मला पाठव आणि तो मिळेपर्यंत नवीन सेट मागवू नकोस.