लॅपटॉप तुझा, पासवर्डही तुझाच

ये, बस अशी जवळ. पीएच.डी.ला नाव नोंदवलंस, गुरुत्वीय लहरींसारखा विषय मिळाला, आणि सरांनी 'आधी लिनक्स टाकून घे' म्हटल्यापासून तुझा चेहरा उतरलाय. मला दिसतंय गं.

अगं, हा विषय तर आता आपल्या जिल्ह्याचाच. औंढा नागनाथजवळ दुधाळ्याला लायगो-इंडियाची वेधशाळा व्हायची आहे, चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांची. केंद्रानं एप्रिल २०२३मध्ये तिच्यासाठी २,६०० कोटी मंजूर केले. पण ती उभी राहीपर्यंत तू कशाला थांबतेस? अमेरिकेतल्या लायगोच्या नोंदी आज सगळ्यांना फुकट मिळतात आणि त्या वाचायची साधनंही. हे काम करणारे मोठे संगणकसुद्धा लिनक्सवरच चालतात. घरच्या लॅपटॉपवर जे हातात बसेल, तेच उद्या पुण्याला आयुका या संशोधन संस्थेत गेलीस तरी कामी येईल.

पहिली गोष्ट, लॅपटॉप दुकानात देऊन येऊ नकोस. तिथं डिस्क पुसून देतात, पासवर्ड त्यांनीच ठरवलेला असतो, आणि पुढं बारीकसारीक अडचणीला तू पुन्हा त्यांच्या दारात. हे तू स्वतः करायचं. तुझे फोटो, नोट्स, एम.एस्सी.चा प्रकल्प आधी बाहेरच्या डिस्कवर उतरव आणि तिथून उघडतायत ना ते तपास. विंडोजही ठेवायचं असेल तर बिटलॉकर चालू आहे का बघ. असेल तर त्याची रिकव्हरी की वहीत लिहून घे. मग पेन ड्राइव्हवरून लिनक्स नुसतं चालवून बघ. वाय-फाय लागतंय का, आवाज येतोय का, हे काही न पुसता कळतं.

कोणतं लिनक्स यावर पोरं तासन् तास वाद घालतात. तू उबुंटूची एलटीएस आवृत्ती घे. २४.०४ एप्रिल २०२४मध्ये आली, तिला पाच वर्षं सुरक्षा-सुधारणा मिळणार, म्हणजे बराचसा प्रबंध त्यात होऊन जाईल. पैसे असतील तर जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसव आणि रॅम वाढव.

आता जे सांगते ते नीट ऐक, कारण संशोधकाचं मशीन इथंच वेगळं होतं. उबुंटूची स्वतःची कितीतरी कामं पायथॉनवर चालतात. त्या पायथॉनला हात लावायचा नाही. पिपनं थेट तिथं काही टाकायला गेलीस तर उबुंटू अडवतो. मग कुणीतरी 'ब्रेक सिस्टीम पॅकेजेस' लिहायची युक्ती सांगतं. ती वापरू नकोस. तुझ्या होम फोल्डरात मिनीफोर्ज टाक आणि प्रत्येक कामाचं एन्व्हायर्नमेंट वेगळं कर. आंब्याच्या लोणच्याचा चमचा आपण लिंबाच्या बरणीत घालतो का? तसंच हे. जीडब्ल्यूपाय, पायसीबीसी, लालसूट ही लहरींच्या नोंदी वाचायची साधनं, सगळं कोंडा-फोर्जवर आहे. काम जमलं की कुठलं पॅकेज कोणत्या आवृत्तीचं, त्याची यादी फाईलमध्ये काढून कोडसोबत गिटमध्ये ठेव. तीन वर्षांनी परीक्षक विचारतील, 'हा आलेख कसा आला?' तेव्हा ती फाईल दुसऱ्या मशीनवर नेऊन तोच आलेख पुन्हा काढता आला पाहिजे. मूळ डेटाची परवानगी फक्त वाचण्यापुरती ठेव, म्हणजे झोपेतही त्यावर काही लिहिलं जाणार नाही.

पहिला प्रयोग कोणता करायचा सांगू? १४ सप्टेंबर २०१५. आपल्याकडं दुपारचे तीन वाजून वीस मिनिटं झाली होती, तेव्हा दोन कृष्णविवरांच्या मीलनाची लहर आधी लायगोच्या लिव्हिंगस्टन वेधशाळेला आणि सात सहस्रांश सेकंदांनी हॅनफर्डला पोहोचली. त्या वेळची ३२ सेकंदांची नोंद, सेकंदाला ४,०९६ मोजमापं, जेमतेम एक एमबीची आहे. मोबाईलच्या नेटवरही उतरेल. ती गाळून घे, आणि साधारण ३५ हर्ट्झपासून २५० हर्ट्झपर्यंत चढत गेलेली ती रेघ स्वतःच्या पडद्यावर बघ. असे संकेत गोंगाटातून ओळखायचे कसे, याचं पायाभूत गणित आयुकात संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांनी १९९१च्या सुमारास मांडलं. वेधशाळेचा तेव्हा पत्ताही नव्हता गं! त्यांचं ते लेखन नक्की शोधून वाच.

लाईटचं आपल्याकडं तुला माहीत आहेच. लांबलेलं गणित मधूनमधून स्वतःला जतन करत जाईल असाच कोड लिही. दूरच्या सर्व्हरवर काम लावलंस तर टीमक्समध्ये लाव. इकडं नेट तुटलं तरी तिकडं ते चालू राहतं. आणि बॅकअप घरात एक, घराबाहेर एक. मराठीसाठी आयबसमध्ये इनस्क्रिप्ट घाल, ऋणनिर्देश तरी आपल्या भाषेत लिहिशील.

काळ्या पडद्यावर चूक झाल्याचा संदेश आला की घाबरून खिडकी बंद करू नकोस. शेवटच्या दोन ओळी वाच, बहुतेक वेळा कारण तिथंच लिहिलेलं असतं. नाही कळलं तर तो संदेश जसाच्या तसा मला पाठव, फोटो नको, मजकूर. फक्त इंटरनेटवरची सुडोनं सुरू होणारी ओळ न समजता कधी चिकटवू नकोस. आज रात्री उबुंटूची फाईल उतरवायला लाव, पेन ड्राइव्ह १६ जीबीचा आण, रविवारी आपण दोघी बसू. कीबोर्डवर हात मात्र तुझेच राहतील.