‘गाडी चालू होत नाही’ : निदानाची भाषा



व्यावहारिक मराठीच्या अभ्यासात तक्रार, अहवाल आणि वर्णन या लेखनप्रकारांचा परिचय आपण करून घेतला आहे. त्यांच्याशी जवळचे नाते असूनही पाठ्यपुस्तकांत क्वचितच आढळणारा प्रकार म्हणजे निदानपर लेखन होय. बिघडलेल्या वस्तूची लक्षणे अशा शब्दांत नोंदवायची, की वाचणाऱ्याला किंवा ऐकणाऱ्याला कारणापर्यंत पोहोचता यावे, हे त्याचे प्रयोजन असते. उदाहरणासाठी आपण वापरलेली जुनी मोटार घेऊ.

असे समजा, की लालबागच्या एका चाळीतील रहिवाशाने पंधरा वर्षे वापरलेली पेट्रोलची मोटार विकत घेतली. गणेशोत्सवात दर्शनाच्या रांगांमुळे ती दहा-बारा दिवस गल्लीतून हललीच नाही. अनंत चतुर्दशीनंतर त्याने किल्ली फिरवली, तर गाडी ढिम्म. त्याने मेकॅनिकला फोन केला : “गाडी चालू होत नाही.”

हे विधान व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. निदानासाठी मात्र जवळजवळ निरुपयोगी आहे. ‘चालू होणे’ या एका संयुक्त क्रियापदात दोन स्वतंत्र क्रिया दडलेल्या आहेत. आधी बॅटरीच्या विजेवर ‘सेल्फ’, म्हणजे स्टार्टरची मोटर, इंजिनाला फिरवते. इंजिन फिरू लागल्यावर पेट्रोल आणि हवेचे मिश्रण ठिणगीने पेटते. म्हणून पहिला प्रश्न असा : इंजिन फिरत नाही, की फिरते पण पेटत नाही? फिरत नसेल, तर दोष बहुधा बॅटरी, तारा किंवा सेल्फ यांत असतो. फिरूनही पेटत नसेल, तर पेट्रोल किंवा ठिणगी यांपैकी एक कमी पडत असते. एका क्रियापदाची निवड अर्धे काम करते.

फिरत नसेल, तर आवाज ऐकावा. मराठीतील अनुकरणवाचक शब्दांना लेखनात आपण उगीचच कमी लेखतो. येथे त्यांच्याइतके नेमके दुसरे काही नाही. भराभर ‘टकटकटक’ असा आवाज आला, तर बॅटरीत पुरेसा जोर नाही किंवा तिची जोडणी सैल आहे. एकच ठसठशीत ‘टक’ आला आणि पुढचे दिवे मंद झाले नाहीत, तर संशय सेल्फवर जातो. सावकाश ‘घर्र… घर्र…’ म्हणजे इंजिन फिरते आहे, पण ओढून-ताणून. काहीच आवाज नसेल, तर बॅटरीच्या टोकांवर साचलेली पांढरी-हिरवी भुकटी आधी पाहावी. ती साफ करून टोके घट्ट केली, की गाडी सुरू झाल्याची उदाहरणे थोडी नाहीत.

आपल्या रहिवाशाने मेकॅनिकला पुढे सांगितले : “हॉर्न वाजतो, म्हणून बॅटरी चांगली आहे.” येथे चूक ‘म्हणून’ या उभयान्वयी अव्ययात आहे. हॉर्नला थोडे अँपिअर पुरतात. सेल्फला शंभराहून अधिक लागू शकतात. निरीक्षण खरे, निष्कर्ष खोटा. ‘हॉर्न वाजतो, तरीही सेल्फ फिरत नाही’ असे लिहिले असते, तर ते निरीक्षणच राहिले असते आणि ऐकणाऱ्याची वाट मोकळी राहिली असती.

यापेक्षाही महागात पडणारा गोंधळ ‘बॅटरी उतरली’ आणि ‘बॅटरी गेली’ यांत होतो. ताप उतरतो तशी बॅटरी उतरते. जे उतरले ते पुन्हा चढवता येते. ‘गेली’ म्हटले, की ती बदलणे आले, आणि त्यात काही हजार रुपये जातात. बारा व्होल्टची पूर्ण भरलेली बॅटरी स्वस्थ असताना सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. बाराच्या खाली गेली, तर ती जवळजवळ रिकामी आहे. दुसऱ्या गाडीच्या बॅटरीच्या आधाराने इंजिन सुरू करावे आणि पुन्हा मोजावे. चालू इंजिनावर १३.५ ते १४.५ व्होल्ट दिसले नाहीत, तर दोष अल्टरनेटरकडे असण्याचा संभव आहे. अशा वेळी नवी बॅटरी घेतली, तरी चार दिवसांत तीही उतरेल.

आता दुसरी शाखा : इंजिन जोमाने फिरते, पण पेटत नाही. जुन्या मुंबईकरांना ही काळ्या-पिवळ्या पद्मिनीवरून चांगली ठाऊक असेल. कुर्ल्याच्या प्रीमिअर कंपनीने १९६४पासून बनवलेली ही फियाट पुढे प्रीमिअर पद्मिनी झाली. टॅक्सी म्हणून तिची अखेरची नोंदणी २००३ सालची, आणि वीस वर्षांच्या मर्यादेमुळे ऑक्टोबर २०२३मध्ये तिची सेवा संपली. हिंदमाताच्या तुंबलेल्या पाण्यातून आलेली अशी गाडी बंद पडली, की डिस्ट्रिब्यूटरचे झाकण काढून आतून कोरड्या फडक्याने पुसत. ओलाव्यातून वीज वाट चुकते आणि प्लगपर्यंत ठिणगी पोहोचत नाही. पेट्रोलचा उग्र वास आणि ओले प्लग असतील, तर उलट पेट्रोल अति झालेले असते. अलीकडच्या गाड्यांत कार्बोरेटर नसतो. किल्ली पहिल्यांदा फिरवताच टाकीच्या बाजूने दोन-तीन सेकंद पंपाची गुणगुण बहुधा ऐकू येते. ती एरवी येत असेल आणि आता थांबली असेल, तर आधी फ्यूज पाहावा. (ही तपासणी गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून, हँडब्रेक ओढून करावी. ठिणगी पाहण्यासाठी प्लगची तार हातात धरू नये, आणि पेट्रोलचा वास असेल तेथे ठिणगीचा प्रयोगच करू नये.)

स्वाध्याय : आपल्या रहिवाशाचा फोन आता आपण करावयाचा आहे. गाडी किती दिवस उभी होती, किल्ली फिरवताच कोणता आवाज आला, दिव्यांचे काय झाले आणि पेट्रोलचा वास येतो का, हे पाच वाक्यांत लिहा. त्यांपैकी एकाही वाक्यात ‘म्हणून’ हा शब्द वापरू नका.