पडद्यावरील तक्ता : मथळे आणि पानांची नावे

ठाणे जिल्ह्यातील मीरा-भाईंदर परिसरातील ग्रामपंचायती एकत्र येऊन १९८५ साली नगरपरिषद स्थापन झाली व २००२ साली तिचे महानगरपालिकेत रूपांतर झाले. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ८ लाखांहून अधिक भरली. ज्या गावांची करमागणी पूर्वी नमुना ९ च्या नोंदवहीत मावत असे, तेथे अशा विस्तारानंतर संगणकावाचून हिशेब ठेवणे अशक्यच होय. मुख्य नोंदी स्वतंत्र प्रणालीत असल्या, तरी गोषवारे, वसुलीच्या याद्या आणि शाळांचे पट सर्वत्र एक्सेलसारख्या तक्त्यांतच तयार होतात.

कागदी नोंदवहीत मथळा पानाच्या माथ्यावर कायम डोळ्यांसमोर असे. पडद्यावर मात्र यादी थोडी वर सरकली की तो दिसेनासा होतो. आपल्या करनोंदींत 'मागणी' या मथळ्याखाली थकबाकी, चालू व एकूण असे तीन रकाने असतात. 'वसुली' या मथळ्याखालीही नेमके तेच तीन. मथळा दृष्टिआड असताना वसुलीची रक्कम मागणीच्या रकान्यात पडली, तर ज्या घरमालकाने कर भरला आहे त्याच्याच नावे थकबाकीची नोटीस निघते. मग बिचारा पावती घेऊन कचेरीत खेटे घालतो.

यावर उपाय सोपा आहे. मथळा तीन ओळींचा असून अनुक्रमांक व नाव हे पहिले दोन रकाने असतील, तर प्रथम तक्त्याच्या अगदी माथ्यावर यावे, 'सी ४' या चौकटीवर क्लिक करावे आणि 'व्ह्यू' या विभागातील 'फ्रीझ पेन्स' निवडावे. त्यानंतर मथळा व नाव दोन्ही जागीच राहतात. माथ्यावर येण्यास विसरू नये; त्या वेळी वर सरकून गेलेल्या ओळी नंतर वर जाऊनही दिसत नाहीत. त्याहून उत्तम म्हणजे दुमजली मथळाच टाळून 'मागणी-थकबाकी', 'वसुली-थकबाकी' अशी पूर्ण नावे एका ओळीत लिहावीत. नाव लांब झाल्यास 'रॅप टेक्स्ट' वापरावे व ओळीची उंची वाढवावी, अन्यथा वेलांट्या आणि रफार कापले जातात. छापील प्रतीसाठी मात्र 'प्रिंट टायटल्स' मध्ये मथळ्याची ओळ वेगळी नमूद करावी लागते.

आता पडद्याच्या तळाशी असलेल्या पानांच्या पट्ट्यांविषयी, म्हणजे टॅबविषयी. 'शीट १', 'शीट २' या नावांवरून नवघरची यादी कोणती आणि उत्तनची कोणती हे कोणासही सांगता येणार नाही. पट्टीवर दोनदा क्लिक करून गावाचे किंवा प्रभागाचे नाव द्यावे. नाव जास्तीत जास्त ३१ अक्षरचिन्हांचे असू शकते आणि त्यात काना-मात्राही मोजल्या जातात. तिरकी रेघ चालत नाही. म्हणून '७/१२' असे न लिहिता 'सात-बारा' लिहावे. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टंकलेले नाव पट्टीवर निरर्थक रोमन अक्षरांत उमटते, कारण पट्टीला फॉन्ट निवडता येत नाही. तेथे युनिकोडच हवे.

पट्टीवर माऊसचे उजवे बटण दाबून 'टॅब कलर' देता येतो. येथे एक गोष्ट ध्यानी ठेवावी : उघडलेल्या पानाची पट्टी फिकट दिसते आणि बंद पानांच्या पट्ट्या गडद. नवख्याची येथे हमखास फसगत होते. शिवाय लाल व हिरवा यांतील भेद न जाणवणारे सहकारीही असतात. यास्तव रंगावर विसंबून न राहता नाव स्पष्ट ठेवावे.

पट्ट्या बारीक दिसतात, अशी तक्रार चाळिशीनंतर बहुतेकांची असते. 'झूम' वाढविल्याने चौकटी मोठ्या होतात, पट्ट्या नव्हे. त्यासाठी विंडोजच्या 'डिस्प्ले' मधील 'स्केल' वाढवावे. पाने पुष्कळ असतील, तर डाव्या कोपऱ्यातील बाणांवर उजवे बटण दाबावे. सर्व पानांची यादी उभी उघडते व हवे ते पान निवडता येते.